काबूलला नोकरीला निघालात? मग ‘लेखी द्या’ म्हणायची सवय घरीच ठेवा

ऑफर लेटर हातात पडलं की आपली मंडळी आधी बॉम्बचं विचारतात. गाडी बुलेटप्रूफ असते का, विमा किती, रात्री गोळीबार होतो का. विचारायला हरकत नाही. धोका संपलाय असं मीही म्हणणार नाही. २६ ऑगस्ट २०२१ ला विमानतळाच्या दारात झालेला स्फोट, १८ जून २०२२ चा कार्ते परवानच्या गुरुद्वारावरचा हल्ला, त्याच वर्षी ३० सप्टेंबरला दश्त-ए-बर्चीत मुलं-मुली परीक्षेला बसलेली असताना क्लासमध्ये झालेला स्फोट, हे सगळं तालिबान काबूलमध्ये शिरल्यानंतरचंच आहे. पण देशातलं जुनं युद्ध थांबलंय, हेही तितकंच खरं. पूर्वी ज्या कंदाहार रस्त्यावर दिवसाउजेडी जायची छाती होत नव्हती, तिथे आता रात्री ट्रक चालतात. तुमचं काम अडणार आहे ते कागदावरून.

मी हिशेबाचा माणूस. सांगलीत एका सीएंकडे खतावण्या लिहीत वाढलो आणि पुढे एका मदत संस्थेचं फायनान्स-अ‍ॅडमिन सांभाळायला काबूलला गेलो. जुनं सरकार असतानाही होतो, नवं आल्यावरही राहिलो. अधूनमधून कुणाचा भाचा, कुणाची मैत्रीण फोन करून विचारते, की दादा, तिथे राहायचं कसं? प्रत्येकाला तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

हुकूम वाचायला शिका

पत्रकार परिषद ऐका, पण तिच्यावर बजेट बांधू नका. १५ ऑगस्ट २०२१ ला राष्ट्राध्यक्ष अश्रफ गनी देश सोडून गेले. दोन दिवसांनी तालिबानचे प्रवक्ते झबिउल्लाह मुजाहिद कॅमेऱ्यांपुढे बसले आणि म्हणाले, सगळ्यांना माफी, बायकांना शरियतच्या चौकटीत काम आणि शिक्षण. आमच्या ऑफिसात त्या दिवशी बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडला. सप्टेंबरच्या मध्यात निरोप आला, की सातवीपासून पुढच्या मुलांनी आणि पुरुष शिक्षकांनी शाळेत हजर व्हावं. मुलींचं त्यात नावच नव्हतं. बंदी घातली असं कुणी म्हटलं नाही, फक्त उल्लेख गाळला. त्याच दिवसांत महिला मंत्रालयाच्या इमारतीवरची पाटी उतरली आणि ‘अम्र बिल मारूफ’ची, म्हणजे सदाचार खात्याची पाटी चढली. २३ मार्च २०२२ ला मुलींच्या शाळा उघडणार म्हणून पोरी दप्तरं घेऊन गेल्या आणि काही तासांत रडत घरी आल्या. मग बायकांवर एकामागून एक बंदी: नोव्हेंबरमध्ये बागा आणि जिम, २० डिसेंबरला विद्यापीठं, लगेच २४ डिसेंबरला एनजीओत काम करणाऱ्या अफगाण बायका. २०२३ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिला कर्मचारी, जुलैत ब्युटी पार्लर, २०२४ च्या डिसेंबरमध्ये नर्सिंग आणि सुईणीचे कोर्स.

नीट बघा, एका दिवसात काहीच आलेलं नाही. इराणमध्येही हेच झालं होतं. मार्च १९७९ मध्ये खोमेनींनी हिजाबचं बोलून दाखवलं, बायका हजारोंनी रस्त्यावर उतरल्या, सरकारने ‘तसं नव्हतं म्हणायचं’ केलं. पुढच्या वर्षी सरकारी कचेऱ्यांत सक्ती आली आणि १९८३ मध्ये फटक्यांच्या शिक्षेसह कायदा झाला. म्हणून पहिल्या सहा महिन्यांच्या अनुभवावर ‘एवढे काही वाईट नाहीत’ असा निष्कर्ष काढून घरी कळवू नका. आणि हुकमात ‘पुढील आदेशापर्यंत’ असे शब्द दिसले, की ते कायमचं धरून कामाला लागा. विद्यापीठांच्या पत्रात तेच शब्द होते.

एक साधी वही घाला. रकाने पाच: हुकमाची तारीख, सही कुणाची, पत्र कुणाच्या नावे, शिक्षा कुणाला, आणि आपल्या जिल्ह्यात प्रत्यक्षात काय चाललंय. पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो दर महिन्याला बदलतो. तारखेचा घोळ होतो. फर्मानावर चांद्र हिजरी, ऑफिसच्या भिंतीवर सौर हिजरी, तुमच्या अहवालात इंग्रजी. तिन्ही लिहा. सही कुणाची, याला अर्थ आहे. सर्वोच्च नेते हिबतुल्लाह अखुंदजादा कंदाहारला असतात, मंत्रालयं काबूलला. काबूलच्या मंत्र्याने मान डोलावली आणि कंदाहारहून उलटं फर्मान आलं, तर तुमच्या पदरात त्या दिवशी प्यायलेला चहा तेवढा राहतो.

लेखी मागू नका

आपल्याकडे नोकरीत रुजू झाल्यावर पहिला धडा मिळतो तो हा, की साहेब तोंडी काही बोलला तर म्हणायचं, ‘सर, तेवढं लेखी द्या.’ मी या धड्यावर पोट भरलेला माणूस आहे. काबूलमध्ये हाच धडा अंगाशी येतो.

एनजीओतल्या बायकांवर बंदी आली त्यानंतरची गोष्ट. आरोग्य आणि प्राथमिक शिक्षणात बायकांना काम करता येईल, असं वरून तोंडी कळवलं गेलं. जिल्ह्याजिल्ह्यांतून अधिकारी सांगू लागले, ‘तुमच्या बायका येऊ देत, पण गाजावाजा नको.’ त्याच सुमारास एका दुसऱ्या संस्थेत परदेशातून एक नवे, फार शिस्तीचे गृहस्थ आले. त्यांना हे असलं काम झेपेना. त्यांनी संबंधित खात्याला सुरेख पत्र लिहिलं: अमुक तारखेच्या चर्चेनुसार आमच्या महिला कर्मचाऱ्यांना परवानगी असल्याची पुष्टी करावी. आता त्या अधिकाऱ्याने काय करावं? सही करून पुष्टी दिली, तर फर्मानाविरुद्ध लिहिल्याचा पुरावा त्याच्याच हस्ताक्षरात तयार होतो. त्याने सही केली, पण नकारावर. चालू असलेलं केंद्र बंद पडलं, आणि आता तर ते लेखी बंद होतं. तोंडी बंद झालेलं तोंडी उघडतं. लेखी नकार मात्र कुणालाच मागे घेता येत नाही.

म्हणून पत्रातून प्रश्न विचारूच नका. पत्र लिहायचंच असेल तर कळवणीचं लिहा: आमचं केंद्र अमुक गावात चालू आहे, इतके रुग्ण तपासले. त्यावर पोच मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी बिघडत नाही. परवानगीची नोंद आपल्या घरात करा. कोण म्हणालं, कुठल्या हुद्द्यावर, कुठल्या दिवशी, सोबत आपला कोण होता, आणि त्यांनी वापरलेले शब्द दरी किंवा पश्तू या तिथल्या भाषांत जसेच्या तसे. फोनवर गुपचूप रेकॉर्डिंग करायचा आचरटपणा करू नका. सापडलात तर तुम्ही विमानाने परत जाल, पण सोबतचा स्थानिक माणूस तिथेच राहणार आहे.

भेटीला जाताना वयस्कर स्थानिक सहकाऱ्याला पुढे करा. ‘हाजी साहिब’, ‘मौलवी साहिब’ म्हणून सुरुवात, घरच्यांची, तब्येतीची चौकशी लांबेल तेवढी लांबू द्या. काम शेवटी निघतं, जवळजवळ उठता उठता. भेट काम असेल तेव्हाच घेतली असं दिसू नये. ईदला जा, बदलीवर नवा माणूस आला की जा. आणि देणगीदारांच्या ऑडिटरला हे सगळं आधी समजावून ठेवा. वर्षाअखेरीस तो ‘परवानगीपत्र दाखवा’ म्हणतो आणि आपल्याकडे असते फक्त आपल्याच अक्षरातली टिपणं. मी ती टिपणं ‘सुविधा नोंदी’ या नावाने फाइल केली होती. ऑडिटरने नाक मुरडलं, पण घेतलं.

कायदा इथे घासाघिशीतून ठरतो, हे बघायचं असेल तर काबूलच्या लिसे मरियम भागातल्या कपड्यांच्या दुकानांसमोर उभे राहा. काचेत पुतळे आहेत, झगमगीत लग्नाचे पोशाख घातलेले, आणि सगळ्यांची डोकी झाकलेली. कुणाला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळलंय, कुणाला प्लास्टिकची पिशवी. जरा हौशी दुकानदाराने तर पोशाखाच्याच कापडाची, त्याच जरीची खोळ शिवून पुतळ्याच्या तोंडावर चढवलीय. सदाचार खात्याला पुतळे काढून तरी टाकायचे होते नाहीतर त्यांची मुंडकी उडवायची होती. दुकानदार म्हणाले, मग आम्ही माल दाखवायचा कसा? शेवटी झाकण्यावर तडजोड झाली. तुमच्या प्रत्येक प्रकल्पाचं असंच होणार आहे. खोळ शिवायची तयारी ठेवा; कुठली खोळ शिवायची नाही, हेही आधीच ठरवून ठेवा.

महिला सहकारी असतील तर

इथे जास्त वेळ द्या. ७ मे २०२२ चा पोशाखाचा हुकूम वाचलात तर कळेल, की शिक्षा बाईला नाही, तिच्या घरच्या पुरुषाला आहे. आधी घरी येऊन समज, मग त्या पुरुषाला कचेरीत बोलावणं, मग तीन दिवस कोठडी, मग कोर्ट. तो सरकारी नोकर असेल तर निलंबन. याचा परिणाम काय होतो ते मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्याकडच्या एका हिशेबनीस मुलीला तिचा भाऊ वर्षानुवर्षं स्वतः सोडायला यायचा, तिच्या पगाराचा त्याला अभिमान होता. हुकूम आल्यावर तोच म्हणायला लागला, ‘तू घरी बस, मला दुकान आहे, मुलं आहेत.’ सरकारला दारात शिपाई उभा करावा लागला नाही. त्या भावावर चिडून उपयोग नाही. तुम्ही त्याच्या जागी असतात तर काय केलं असतंत?

म्हणून बाईशी बोलता तसं तिच्या घरच्या पुरुषाशीही बोला. ऑफिसात बोलवा, चहा द्या, तिची खोली वेगळी आहे, दार वेगळं आहे, गाडी वेगळी आहे, हे त्याला दाखवा. २०२१ च्या डिसेंबरपासून ७२ किलोमीटरच्या पुढे बाईला महरमशिवाय, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पुरुषाशिवाय, प्रवास नाही. प्रत्यक्षात नाक्यावरचा पोरगा सात किलोमीटरलाही विचारतो. म्हणजे दौऱ्यावर एक सुईण पाठवायची तर दोन माणसांचं भाडं, दोन माणसांचं जेवण, दोन माणसांची राहायची सोय. बजेटमध्ये ‘महरम भत्ता’ असा सरळ रकाना टाका, ‘इतर’ मध्ये लपवू नका. देणगीदार पहिल्यांदा कुरकुर करतात, मग देतात. सोबत नात्याचा पुरावा म्हणून दोघांच्या तज्किऱ्याच्या, म्हणजे ओळखपत्राच्या, प्रती ठेवा. चाळीस वर्षांच्या लढायांनी विधवा केलेल्या बायका या देशात कमी नाहीत. ज्यांना ना भाऊ ना मोठा मुलगा, त्यांच्यासाठी घराजवळचंच काम शोधावं लागतं. दुसरा मार्ग मला तरी सापडला नाही.

घरून काम द्यायचं तर लॅपटॉप, सोलर पॅनेल आणि बॅटरी द्या. काबूलची बरीचशी वीज उझबेकिस्तान, ताजिकिस्तानकडून येते आणि हिवाळ्यात ती कधीही जाते. आमची ती हिशेबनीस घरून व्हाउचर तपासायची, भाऊ पेन ड्राइव्ह आणून द्यायचा. पगार तिच्याच हातात पडतोय ना, हे मात्र दर महिन्याला खात्री करून बघा. पावतीवर तिचा अंगठा किंवा सही, भावाची नको.

भरतीचं गणित डोळे उघडून करा. सहावीनंतर मुलींना शाळा नाही, २०२२ च्या अखेरीपासून विद्यापीठ नाही, २०२४ च्या अखेरीपासून नर्सिंगही नाही. ज्या डॉक्टरीणबाई, नर्सबाई आज तुमच्याकडे आहेत, त्यांच्या मागे कुणी येत नाहीये. त्यांना टिकवण्यावर पैसे खर्च करा. ३१ ऑगस्ट २०२५ ला कुनारमध्ये भूकंप झाला, दोन हजारांहून जास्त माणसं गेली, आणि जखमी बायकांपर्यंत पोचायला महिला कर्मचारी किती लागतात ते तेव्हा सगळ्यांना कळलं. आमच्यासारख्यांना ते आधीपासून दिसत होतं.

रोकड

सत्ता बदलल्यावर अमेरिकेने अफगाण मध्यवर्ती बँकेचे तिथे असलेले सुमारे सात अब्ज डॉलर गोठवले. सुरुवातीला बँकेतून आठवड्याला फक्त दोनशे डॉलर किंवा वीस हजार अफगाणी काढता येत होते. एवढ्यात तुमच्या कुटुंबाचं भागेल, संस्थेचं नाही. बँकेबाहेर लोक पहाटेपासून रांगेत. नव्या नोटा परदेशात छापल्या जायच्या, त्या येणं थांबलं, आणि २०२२ च्या अखेरीस नवा साठा येईपर्यंत हातात पडणाऱ्या नोटा सेलोटेपवर जगत होत्या. वीस अफगाणीची नोट मोजताना बोटाला चिकटायची. रोजंदारीचे पैसे देताना मजूर प्रत्येक नोट उजेडात धरून परत करायचे, आणि त्यांचं बरोबर होतं. रोटी भाजणाऱ्या नानवाईकडे ती चालली नाही तर त्या दिवशी रोटी नाही.

पैसा आणायचा रस्ता म्हणजे हवाला, आणि त्याचं पीठ म्हणजे सराय शहजादा, काबूलचा चलनबाजार. आपल्याकडे हवाला म्हटलं की लोक दचकतात. तिथे सर्राफ दुकान टाकून, परवाना भिंतीवर लावून बसतो. तीन सर्राफांकडून त्या दिवशीचा दर आणि कमिशन कागदावर घ्या (हा कागद मात्र बिनधास्त मागा, तो देतो), तिघांचा तक्ता करा, शिक्क्याची पावती घ्या. डॉलर नेताना कोरे करकरीत न्या. मळक्या, जुन्या नोटेला भाव कमी मिळतो.

आणखी एक सांगतो, ऐकायला आवडणार नाही. जुन्या सरकारात सीमेवरून काबूलपर्यंत माल आणताना प्रत्येक नाक्यावर हात ओले करावे लागायचे. नव्या राजवटीत ट्रक एका ठिकाणी जकात भरतो, पावती घेतो आणि सुटतो. आमचा वाहतूक खर्च उतरला. ज्या खतावणीत महरम भत्ता चढला, त्याच खतावणीत हे उतरलेलं दिसतं, आणि हिशेबनीसाने दोन्ही लिहायचं असतं.

इंटरनेटवर सगळं सोडू नका. २९ सप्टेंबर २०२५ ला साऱ्या देशाचं इंटरनेट आणि फोन बंद केले, दोन दिवस. बँका ठप्प, विमानं रद्द. पगारपत्रक, फोन नंबरांची यादी, कर्मचाऱ्यांच्या घरांचे पत्ते छापून कपाटात ठेवा.

उरलेलं, भराभर

कपडे: पेराहन-तुंबान, म्हणजे लांब सदरा आणि सैल विजार, शिवून घ्या, वर जाकीट. फेटा बांधून स्थानिक दिसायचा प्रयत्न करू नका, हसतात. दाढी वाढू द्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ३५ कलमी सदाचार कायद्यात मूठभर दाढीचं मापच दिलंय. रमजानमध्ये ऑफिसात दार लावूनसुद्धा डबा उघडताना वासाचा विचार करा.

फोन: त्याच कायद्यात सजीवांची चित्रं काढणं-दाखवणं निषिद्ध आहे. नाक्यावर, खात्यात, रस्त्यावर कॅमेरा काढू नका. सहकारी बायकांचे ऑफिस पार्टीतले जुने फोटो निघायच्या आधीच पुसा, फेसबुकवरचेही. गाडीत गाणी नकोत. ड्रायव्हरची नोकरी तुमच्या प्लेलिस्टपायी जायला नको.

धर्म: विचारतात, ‘मुसलमान आहेस?’ ‘हिंदू, हिंदुस्तानातून’ असं सरळ सांगा. कलमा पढायचं आमंत्रण येईल, हसून ‘अल्लाहची मर्जी’ म्हणा आणि चहाचा घोट घ्या. वाद घालू नका, विनोद तर मुळीच करू नका. विषय बदलायला क्रिकेट आहे. नाक्यावरच्या बंदूकधारी पोराला रशीद खानबद्दल विचारलं, की तो पुढची पाच मिनिटं तुम्हाला गुगली समजावतो. हिंदी बऱ्याच जणांना कळतं, तेव्हा आपसात काय बोलताय याचं भान ठेवा. मराठीही पूर्ण सुरक्षित नाही. आमच्याकडचा एक सहकारी पुण्यात बी.कॉम. झालेला होता, मी वैतागून जे बोललो, ते त्याने दुपारी जेवताना मला शब्दशः ऐकवलं.

तोच सहकारी एक दिवस विचारेल, की बहिणीला पुण्यात शिकायला पाठवायचंय, व्हिसाचं बघाल का? कुणीतरी विचारणारच. ‘बघतो’ असं म्हणू नका. २५ ऑगस्ट २०२१ ला भारताने अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसे रद्द करून फक्त ई-व्हिसा ठेवला, आणि कितीतरी मुलं प्रवेश हातात असून घरी बसली. तिच्या कागदांच्या प्रती, फोटो, गुणपत्रकं नीट स्कॅन करून द्या, अर्ज भरायला सोबत बसा. जमेल तेवढंच बोला.

स्वतःचं नाव आपल्या दूतावासात नोंदवा. तो १७ ऑगस्ट २०२१ ला रिकामा झाला होता, जून २०२२ पासून तांत्रिक पथक बसलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा पूर्ण दूतावास करायचं ठरलं.

करार संपत आला की घाई करू नका. तुम्ही मिळवलेल्या सगळ्या तोंडी परवानग्या तुमच्या चेहऱ्यावर आहेत, संस्थेच्या नावावर नाहीत. तुमच्या जागी येणाऱ्याला किमान दोन आठवडे आधी बोलवा, प्रत्येक खात्यात स्वतः घेऊन जा, हाजी साहिबांसमोर बसवा, तुमच्या देखत त्याला चहा मिळू दे. पाच रकान्यांची वही त्याच्या हाती द्या. विमानतळावर सामान तपासतात, ती बॅगेत घालून आणू नका.